न वाचलेली तक्रार

“वाचायचं हाय, का बदलायचं हाय?”

फाइल मागायला कुणीही गेलं की अक्का मान वर न करता आधी हेच विचारायच्या. शिपाई असो नाहीतर मालकांचा मुलगा, प्रश्न तोच. आमचं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, कारखाना गावाबाहेर. ऑफिसातल्या सगळ्या फाइली एका सर्व्हरवर असत. कुठलं फोल्डर कुणाला उघडेल, कुणाला त्यात बदल करता येईल आणि कुणाला ते दिसणारही नाही, ही सगळी व्यवस्था अक्कांच्या हातात. मी डिस्पॅचला होतो, माझं टेबल त्यांच्या शेजारी.

“देऊन ठेवा की सगळे हक्क, पुढं लागतील,” असं कुणी म्हणालं तर त्या म्हणायच्या, “लागतील तवा ये. मी कुठं पळून चाललोय?”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, नियमाला धरून चालणारी आणि म्हणून थोडी हास्यास्पद वाटणारी. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की अक्का भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. एकदा अकाउंट्सच्या एकाला त्यांनी भर ऑफिसात सुनावलं, “तुझ्या लग्नाच्या फोटूंचं वऱ्हाड हिशेबाच्या फोल्डरात उतरलंय. दुसरीकडं न्हे.”

मग ती तक्रार आली. डिझाइनमधल्या एका मुलीनं विक्रीच्या साहेबांविरुद्ध केलेली. त्यांनी केबिनमध्ये बोलावून तिचा हात धरला होता. हे साहेब मालकांचे मेहुणे. महिलांच्या तक्रारींसाठी ऑफिसात जी समिती होती, तिच्यासाठी अक्कांनी वेगळं फोल्डर केलं. समितीच्या बायकांना तेवढं ते उघडायचं. स्वतःचं नावही अक्कांनी त्यातून काढून टाकलं.

“पण ॲडमिन तुम्हीच ना? मनात आणलं तर उघडता येईल की,” मी म्हणालो.

“येतंय की. म्हणून तर मनात आणायचं न्हाय.”

एक दिवस साहेब स्वतः आमच्या टेबलापाशी आले. अगदी हसत. “अक्का, ते समितीचं फोल्डर. मला काही बदलायचं नाही. फक्त वाचायचंय.”

“न्हाय,” अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांनी त्यांना आत बोलावलं. उद्या बाहेरून एक माणूस येईल, यापुढं सर्व्हर तो बघेल, त्याला सगळे हक्क देऊन टाका. अक्का बाहेर आल्या आणि मला हलक्या आवाजात एवढंच सांगितलं.

“अजून हक्क तुमच्याकडं आहेत तोवर ते फोल्डरच पुसून टाका,” मी म्हणालो.

“पुसलं तर ती पोरगी काय बोललीच न्हाय, असं हुईल रं.”

ऑफिस सुटल्यावर मी त्यांना गाडीवर राजारामपुरीत त्या मुलीच्या घरी घेऊन गेलो. अक्का दारातूनच म्हणाल्या, “उद्यापास्नं तुझा कागद सायेब वाचतील. सावध ऱ्हा.” तिथूनच समितीतल्या वकीलबाईंना फोन केला, आणि बाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्या कागदांच्या प्रती काढून सह्या करून स्वतःकडं ठेवल्या. परत निघताना अक्का पहिल्यांदाच मोकळं हसल्या. “झालं की. आता वाचू देत.”

बाहेरचा माणूस आला. अक्कांना डिस्पॅचच्या चलनांवर बसवलं. तो आठवडा सरायच्या आत ऑफिसात चहाचं यंत्र आलं आणि चहा करणाऱ्या मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. यंत्र आलं की माणूस जातं, असंच आम्हाला वाटलं. कुणी काही विचारलं नाही.

निकाल मुलीच्या बाजूनं लागला. साहेबांना जावं लागलं. ती पेढे घेऊन आली आणि अक्कांच्या पाया पडली. उठताना म्हणाली, “मावशींचा जबाब नसता तर काहीच टिकलं नसतं. चहा घेऊन आत आल्या होत्या ना त्या तेव्हा. त्यांनी सगळं बघितलं होतं.”

अक्कांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

“मावशींचं नाव हुतं त्यात?”

“हो. तुम्हाला माहीत नव्हतं?”

अक्कांनी तो कागद कधी वाचलाच नव्हता. कुणाकुणाला सावध करायचं, हे त्यांना कळणार कुठून?

तेव्हापासून त्या बदलल्या. यंत्राचा चहा कधी घेतला नाही. कपबशांचा आवाज आला की दाराकडं बघायच्या, आणि दारात कुणी नसलं तरी बराच वेळ नजर तिथंच. “आत्ता कुणीतरी आलं न्हवं?” असं मला विचारायच्या. काही दिवसांनी मलाही तो आवाज यायला लागला. “मी वाचायला पायजे हुतं का रं?” एकदा त्यांनी विचारलं.

मावशी हुपरीला बहिणीकडं असतात, असं शिपायाकडून कळलं. एका रविवारी आम्ही बसनं गेलो. चिंचोळ्या खोलीत मावशी पैंजणांना घुंगरू जोडत बसल्या होत्या. बघून हसल्या. “या की. चा करू?”

अक्का उंबऱ्यातच उभ्या होत्या. “मला म्हाईत न्हवतं, मावशी. तुमचं नाव त्यात हाय हे म्हाईत न्हवतं.”

“माझं नाव?” मावशींनी घुंगरू ताटलीत ठेवलं. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. “माझं नाव तुमच्या ऑफिसात कुणाला म्हाईत हुतं, बाई?”

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हातचा चहा प्यायलो होतो. मग अक्का खाली जमिनीवर, अगदी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि म्हणाल्या, “सांगा.”

मावशींनी नाव सांगितलं.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत, त्यानंतरही कधी नाहीत. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन आलो तर खोली रिकामी केलेली, कुठं गेल्या ते शेजाऱ्यांनाही सांगता येईना. माझ्याकडं राहिली आहे ती त्या बसमधली त्यांची पाठमोरी मान, आणि काचेत दिसणारे, कोल्हापूर येईपर्यंत ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत हलणारे ओठ.