दिग्रसची खुर्ची पांढरकवड्याला

दिग्रसहून पांढरकवड्याला जायचं ठरलं ते एका अर्धवट कापलेल्या डोक्यामुळं. चौसष्ट सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा दिग्रसच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो, आणि किसनभाऊ न्हाव्याचं दुकान कापसाच्या बाजाराला लागून होतं. नातीनं मला हा ब्लॉग उघडून दिला तेव्हा तिला वाटलं होतं की मी काश्मीर-रामेश्वरबद्दल लिहीन. तेही लिहीन कधीतरी. पण सांगावासा वाटतो तो हा प्रवास, ज्यात आम्ही जिल्ह्याबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही.

डोकं होतं जोसेफचं. हा पोरगेला, सव्वासहा फूट उंच गृहस्थ केनियातल्या मोंबासाकडचा. नागपूरला शेतकी शिकत होता आणि कापसाच्या अभ्यासासाठी पांढरकवड्याजवळ एका शेतावर राहत होता. जिनिंग बघायला म्हणून एका दिवसासाठी दिग्रसला आला. घरून आणलेला लांब दातांचा लाकडी कंगवा मोडल्यामुळं त्याच्या दाट, घट्ट कुरळ्या केसांत गाठी झाल्या होत्या. समोर दुकान दिसलं, तो जाऊन बसला.

किसनभाऊनं सवयीनं बारीक फणी घातली. तिचे तीन दात तुटले. मग त्यानं हातमशीन चालवलं. डावी बाजू साफ करून ते कानाच्या वर जे अडकलं ते अडकलंच. दुभाष्या म्हणून मला शाळेतून बोलावलं, पण मशीनला इंग्रजीही कळत नव्हतं. शेवटी ते स्क्रू काढून, तुकड्यातुकड्यानं डोक्यावरून उतरवलं. तोवर बाहेर निम्मा बाजार जमला होता, आणि जो तो आत येऊन जोसेफच्या उरलेल्या केसांना हात लावून बघत होता.  बसची वेळ झाली तसा जोसेफ डोक्यावर कानटोपी ओढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. त्याच दिवशी मला शेतावरून जोसेफची चिठ्ठी आली. सोमवारी नागपूरचे परीक्षक येणार होते, आणि असल्या डोक्यानं त्यांच्यापुढं उभं राहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. वर्ष गेलं तरी चालेल. मी चिठ्ठी किसनभाऊला वाचून दाखवली. तो म्हणाला, "मास्तर, शनिवारच्या पयल्या गाडीनं चाला माह्यासंग. अर्धं डोकं सोडून मी आजवर कोणाले जाऊ नाही देल्लं."

शनिवारी मी स्टँडवर पोचलो तर किसनभाऊ धोकटीसकट हजर होता, आणि शेजारी त्याची खुर्ची. दुकानातली, लोखंडी, फिरती, नागपूरहून सेकंडहँड आणलेली, दोन माणसांनाही न उचलणारी. खुर्चीशिवाय आपला हात चालत नाही असं त्याचं म्हणणं. कंडक्टर म्हणाला, बसायची वस्तू आहे, तिकीट कशाचं फाडू, सामानाचं की माणसाचं? पंधरा मिनिटं खल झाला. सामानाचं फाडलं आणि खुर्ची टपावर चढली. दारव्ह्यामार्गे यवतमाळ, तिथं गाडी बदलून पांढरकवडा असा आमचा बेत होता. तेव्हाचा रस्ता खडीचा. दर खड्ड्याला वर खुर्ची एक गिरकी घेत होती, आणि तिचा कुरकुर आवाज थेट आमच्या डोक्यावर.

यवतमाळला पुढच्या गाडीला तास होता. खुर्ची फलाटावर उतरवून मी भजी आणायला गेलो. (तिथली भजी आणि झणझणीत तर्री, आजही कोणी त्या वाटेनं गेलं तर चुकवू नये.) परत येतो तर खुर्चीत एकजण दाढीला बसलेला, मागं सहाजणांची रांग. किसनभाऊची नाही म्हणायची सवयच नव्हती. आमची पांढरकवड्याची गाडी लागली, भरली, घंटी झाली, तरी हलेना. प्रवासी ओरडू लागले. ड्रायव्हर कुठं आहे म्हणून शोधाशोध झाली, तर तो खुर्चीत, दोन्ही गालांना फेस. मग अख्खी गाडी खाली उतरून त्याची दाढी होईपर्यंत भोवती उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ तेवढ्यात मिशीबद्दल दोन सूचनाही करून गेले.

जोडमोहा, रुंझा करत पांढरकवडा आलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधेच सागाचं रान, आणि हमरस्त्यावर हैदराबादकडं निघालेल्या ट्रकांची रांग. बैलगाडीत खुर्ची टाकून आम्ही शेतावर पोचलो. जोसेफनं दार उघडलं, आधी आमच्याकडं पाहिलं, मग बैलगाडीकडं. नंतर त्यानं निमूटपणे स्टोव्हवर पाणी ठेवलं.

चहा घेताना त्यानं तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. चाय, साबुनी, गारी असे शब्द ऐकून किसनभाऊ सावरून बसला. त्याची खात्रीच पटली की हा माणूस हैदराबादकडचा असून उगाच परदेशी असल्याचं सांगतो आहे. समुद्रापलीकडच्या त्याच्या भाषेतही चहा, साबण, गाडीला हेच शब्द गेलेत, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याचा बाजार होता. आधी कंगवा पाहिजे, असं जोसेफ म्हणाला. बाजारात एक कोलाम आदिवासी आजी बांबूच्या टोपल्या विकत बसली होती. जोसेफनं कागदावर कंगवा काढून दाखवला. आजीनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. एवढे लांब दात कोणत्या डोक्याला, असं तिनं विचारलं. तेव्हा जोसेफनं चार दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत टोपी काढली. बाजार थबकला. आजीनं मात्र जागेवरूनच, एक डोळा बारीक करून नीट निरखलं, स्वतःच्या बोटाशी माप धरलं आणि कोयती उचलली. तासाभरात कंगवा तयार झाला. बोटभर लांब पाच दात, टोकं घासून गोल केलेली.

खोलीवर येऊन किसनभाऊनं बाह्या सरसावल्या, तशी जोसेफनं त्याला थांबवलं. पहिला धडा कंगव्याचा नाही, असं तो मला इंग्रजीत म्हणाला. दोन महिन्यांत या भागात त्याच्या केसांना पोस्टमननं हात लावला, दुकानदारानं लावला, शेतमालकाच्या पाहुण्यांनी ओळीनं उभं राहून लावला. एकानंही विचारलं नव्हतं. तेव्हा आधी विचारायचं.

मी हे किसनभाऊला सांगितलं. तो गोंधळला. वीस वर्षांत हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती. डोक्याला विचारतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्यापाशी त्यासाठी शब्दही नव्हते. ओठ हलवून त्यानं दोनतीनदा मनाशी घोकलं, मग हात जोडल्यासारखे धरून म्हणाला, "जोसबभाऊ, हात लावू काय जी?"

जोसेफ हो म्हणाला. मग किसनभाऊ दर बटेला विचारू लागला. दहाव्यांदा जोसेफनं मला विनवलं की एकदा पुरे, हे याला सांग.

आता अडचण खुर्चीची. जोसेफ तीत बसला की त्याचं डोकं किसनभाऊच्या टोपीच्या वर. यावर जोसेफनंच तोड काढली. त्याची आई लहानपणी केस विंचरायची तेव्हा ती वर बसायची आणि हा खाली जमिनीवर. त्यानं सतरंजी अंथरली, खाली बसला आणि खुर्चीकडं बोट केलं. जी खुर्ची टपावरून, फलाटावरून, बैलगाडीतून जिल्हाभर वाहून आणली, तीत शेवटी किसनभाऊ स्वतः बसला. म्हणाला, आठ वर्षं झाली घेऊन, आज पहिल्यांदा बसतोय, मऊ आहे.

मग शिकवणी सुरू झाली. कोरड्या केसांशी झटायचं नाही. पाणी, मग खोबरेल, थोडं थांबायचं. एवढीशी बट धरायची आणि कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडं न्यायचा. मुळापासून ओढला की केस तुटतो, माणूस कळवळतो. "पोले पोले," जोसेफ म्हणायचा, म्हणजे सावकाश. कातर चालवताना मधूनमधून लांब सरकून गोलाई बघायची. किसनभाऊ दर वेळी खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत जाई, मान तिरपी करून बघे आणि परत येऊन बसे.

काम रंगात आलं होतं. जोसेफनं मला सहज विचारलं, लहानपणी तुझे केस कोण कापायचं? मी सांगितलं, बाप. अरुणावतीच्या काठचं आमचं खेडं. छप्पनला आम्ही बौद्ध झालो, पण त्याआधीही आणि नंतरही गावातला न्हावी आमच्या घरी येत नव्हता. म्हणून बापानं घरच्या कातरीनं सगळ्या वस्तीचे केस कापले.

कातर थांबली होती. मी इंग्रजीत बोललो होतो, पण गावाचं नाव किसनभाऊला कळलं होतं. काय म्हणालात, असं त्यानं विचारलं. मी मराठीत सांगितलं.

तो जोसेफच्या डोक्याकडंच बघत म्हणाला, "त्या गावचं बलुतं माह्या बापाचं होतं, मास्तर. मीबी धोकटी घेऊन संगं जात होतो. तुमच्या वस्तीच्या बाजूनं आमी वळलो नाही."

मला हे माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्याच्याकडं केस कापून घेत होतो, मोसमाच्या गप्पा मारत होतो. काय म्हणतोय तो, असं जोसेफनं विचारलं. मी म्हणालो, तो माझ्या वडलांना ओळखतो. 

डोकं देखणं झालं. जोसेफनं आरशात डावीकडून, उजवीकडून पाहिलं, आणि किसनभाऊचा हात दोन्ही हातांत धरला. सोमवारी तो उघड्या डोक्यानं परीक्षकांपुढं उभा राहिला. पास झाल्याचं कार्ड पुढं नागपूरहून आलं.

परत आल्यावर दिग्रसला दुकान उघडलं, आणि किसनभाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागला, हात लावू काय जी? लोक वैतागले. एक अडत्या तर, मग मी इथं कशाला बसलोय, म्हणून उठून गेला. आफ्रिकेतला दुसरा माणूस काही दिग्रसला आला नाही. ती वाट आता डांबरी आहे, सकाळी निघालं तर जेवायला पांढरकवड्यात. मी दोनदा गेलो. ते शेत सापडलं नाही.

पण त्या प्रवासानंतर महिन्याभरानं, दुकान बंद असायच्या दिवशी, किसनभाऊ धोकटी घेऊन पायी आमच्या खेड्यावर गेला. मी सुट्टीत घरीच होतो. बाप अंगणात दोर वळत बसला होता. किसनभाऊनं आपण कोणाचा मुलगा ते सांगितलं आणि विचारलं, "बावा, हात लावू काय जी?"

बापानं त्याला आपादमस्तक पाहिलं. म्हणाला, "नको. माही हजामत मी करतो."

किसनभाऊनं मान हलवली. मायनं दिलेला चहा प्याला. उठायला लागला तेव्हा बापाची नजर त्याच्या मानेवर गेली. न्हाव्याला स्वतःचे केस कुठले कापता येतात. मागं जंगल झालं होतं. बाप म्हणाला, "बस खाली. कोणी कापले तुहे हे? जनावरानं चरल्यासारखे दिसतात." आणि आतून कातर घेऊन आला.

बापाची कातर डावीकडं जरा जास्तच खायची, आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. किसनभाऊ तशाच डोक्यानं दिग्रसला गेला आणि तसाच दुकानात उभा राहिला. न्हाव्याचंच डोकं असं बघून काही गिऱ्हाइकं त्या महिन्यात दुसरीकडं गेली. कोणी कापले म्हणून जो विचारी, त्याला तो माझ्या बापाचं नाव सांगायचा, गावासकट.