पुंजाजीला न सुचलेला शेवट

अनसिंगमध्ये ब्लाउज शिवायचा तर धम्मदीपाकडेच, आणि तिच्याशी वाकडं घ्यायचं तर गाव सोडून जायची तयारी ठेवून. अकरा वर्षांपूर्वी एका बाईने लग्नघरात चारचौघींसमोर म्हटलं होतं, की धम्मदीपाने बाही आखूड केली. ती बाई अजून कापड घेऊन वाशिमला जाते, कारण धम्मदीपा तिला दरवेळी हसून सांगते, "वैनी, तुमचं माप हरवलं." माप कुठेही हरवलेलं नाही. तिच्या मापांच्या वहीत त्या बाईचं पान आहे आणि त्यावर खडूची फुली आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी गोपाल. तिच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि जिल्ह्याच्या एका पेपरला मी बातम्या पाठवतो. धम्मरत्नाच्या अल्बमवर पहिली बातमी लिहिणारा मीच. "अनसिंगच्या सुपुत्राचा मुंबईत डंका" असं शीर्षक दिलं होतं. अल्बम ऐकला नव्हता. त्यानंतर महिनाभर धम्मदीपा माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला फार स्वस्तात पडलं.

तिचे वडील पुंजाजी म्हणजे या भागातल्या गायन पार्टीतलं मोठं नाव. गाणी स्वतः बांधायचे, स्वतः गायचे. आमच्याकडे गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, आणि गाणं कोणाचं याचा तेवढाच पुरावा. पुंजाजीचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्यांच्या आईवर होतं, म्हातारपणी नातवाच्या पाटीवर अक्षरं गिरवायला शिकलेल्या आईवर. ते सुरू झालं की बाया डोळ्यांना पदर लावायच्या. धम्मरत्न गावातलाच एक पोरगा, बाराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत पुंजाजीच्या ओसरीवर गाणं शिकला. त्यांच्याच घरी जेवला. मुंबईला जाताना पुंजाजीची गाण्यांची वही त्याने झेरॉक्स काढायला म्हणून नेली. मीच एकेचाळीस पानं काढून दिली. मूळ वही संध्याकाळी परत करतो म्हणाला आणि त्याच दिवशी गाडीत बसला. पुढे विचारलं तर म्हणाला, मुंबईत हरवली. दोन वर्षांपूर्वी पुंजाजी गेले, तोवर ते पोस्टमन दिसला की उठून उभे राहायचे.

मग या जानेवारीत धम्मरत्नाचा, म्हणजे आता डी-रत्नाचा, अल्बम आला. सात गाणी. सातवं पुंजाजीचं. शेवटचं कडवं कापलेलं, आणि खाली लिहिलेलं, "गीत : पारंपरिक."

धम्मदीपाने त्या अल्बमची परीक्षणं गोळा करायला घेतली. पेपरात आलं की कापायची, मोबाइलवर आलं की माझ्याकडे प्रिंट काढायची, आणि सगळं मापांच्या वहीत चिकटवायची. तिला वाईट परीक्षणं प्रिय होती. पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिलं, "पहिली सहा गाणी एकाच मशीनमधून काढल्यासारखी वाटतात." हे वाक्य तिने मला तीनदा वाचायला लावलं आणि तिन्ही वेळा काजबटणं करता करता गालात हसली. एका वेबसाइटने पाचपैकी दोन तारे दिले. त्या दिवशी तिने मला चहा पाजला.

पण सगळ्या परीक्षणांत सातवं गाणं मात्र उचलून धरलेलं असे. "अनामिक लोककवीची जादू," एकाने लिहिलं. चाळीस वर्षं रोज हाक मारायला नाव होतं त्या माणसाला, आणि हे म्हणतात अनामिक. मग मार्चमध्ये एक परीक्षण आलं, त्याने मात्र कडेलोट केला. समीक्षकाने लिहिलं होतं, "गाणं ऐन भरात असताना तुटतं. मूळ कवीला बहुधा शेवट सुचला नसावा."

धम्मदीपाने ते उभ्यानेच वाचलं. कात्री टेबलावर ठेवली.

"गोपालभाऊ," ती म्हणाली, "चोरलं ते चोरलं. आता माह्या बापाले शेवट सुचत नोता म्हून लिहून राह्यले."

"त्या समीक्षकाला कळवू आपण," मी म्हटलं.

"त्याले काय कळवता? त्यानं जे आयकलं ते लिहिलं. कापलं कोनं?" एवढं बोलून तिने मशीन सुरू केली.

ते एक वाक्य धम्मरत्नालाही झोंबलं होतं, कारण पुढचे सगळे समीक्षक तेच म्हणू लागले. कंपनीने सांगितलं, गाणं पूर्ण करून नव्याने काढू. चौदा एप्रिलला त्याला गावाने जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावलंच होतं. तिथेच पूर्ण गाणं पहिल्यांदा म्हणायचं आणि थेट मोबाइलवर दाखवायचं, असं त्याने ठरवलं. शेवट मात्र हवा होता, आणि तोही पुंजाजीच्या नावाशिवाय. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो धम्मदीपाच्या दुकानात आला. गॉगल डोक्यावर चढवलेला. मी माझ्या दारातून ऐकत होतो.

"जयभीम ताई. बाबा अजून काही म्हनत होते काय शेवटी? नाव नसलेलं एखादं कडवं?"

मला वाटलं, ती कात्री फेकून मारते. तिने त्याला स्टूल दिलं.

"मुकाबल्याच्या शेवटी एक म्हनत," ती म्हणाली, आणि टेपने कापड मोजता मोजता तिने म्हणून दाखवलं:

"दिवा तुझा, वात तुझी, तेल तुझ्या घरचं,
तुझ्या उजेडात गायलो, माझं नाही पदरचं."

धम्मरत्नाने डोळे मिटले. "वा ताई. बाबासाहेबांसाठी यापेक्षा काय लिहिनार कोनी?" त्याने ते मोबाइलमध्ये भरून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी चिडून तिच्या दुकानात शिरलो. म्हटलं, "त्यालाच दिलंस?"

"तुमी बी लहानच होते, तुमाले आठवत नसंन," ती म्हणाली. पूर्वी मुकाबल्यात दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, गाण्याला गाण्याने उत्तर द्यायच्या. उत्तर संपलं की हरणाऱ्याने उभं राहून हे कडवं म्हणायचं. दिवा जिंकणाऱ्याचा, तेल जिंकणाऱ्याचं, माझं काहीच नाही. मग लोक विचारायचे, जीत कोणाची? हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं नाव घ्यायचं. तोवर ढोलकी थांबत नसे आणि त्याला खाली उतरता येत नसे. डीजे आले आणि मुकाबले बंद पडले. धम्मरत्न शिकायला आला तेव्हा शेवटचा मुकाबला होऊन तीन-चार वर्षं झाली होती.

"म्या खोटं नाई सांगतलं," ती म्हणाली. "शेवटीच म्हनत. कोन म्हने, ते त्यानं इचारलं नाई."

चौदा एप्रिलला ऊन उतरल्यावर विहारासमोरच्या मैदानात कार्यक्रम सुरू झाला. धम्मदीपा पहिल्या रांगेत, नवी पांढरी साडी नेसून. ढोलकीवर भिवाजी होते, पुंजाजीचे जुने जोडीदार, सत्तरी ओलांडलेले. त्यांना तिने काही सांगितलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. बहुतेक गरज पडली नसावी.

धम्मरत्न चांगला गायला, हे कबूल करायलाच हवं. शिकवणाराच तसा होता. गाणं भरात आलं, मोबाइल वर झाले, आणि त्याने हात पसरून ते कडवं घेतलं. पहिल्या ओळीला म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला पुढच्या बायांनी बोलणं थांबवलं. ओळ संपली तरी भिवाजींची ढोलकी चालूच राहिली, एकाच ठेक्यावर, दम न घेता.

मागून एक म्हातारा उठला. "जीत कोनाची?"

मग दहा-बाराजण. "जीत कोनाची?"

धम्मरत्नाला वाटलं, लोक रंगात आलेत. माइक वर करून तो म्हणाला, "बाबासाहेबांची!"

कोणी टाळी वाजवली नाही. भिवाजींनी ठेका न सोडता मान वर केली. "बाबासाहेब मुकाबल्याले बसत नाईत, पोरा. तू कोनाजवळ हारला ते सांग."

त्याचा चेहरा तेव्हा उतरत गेला. त्याने मोबाइलकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, मग धम्मदीपाकडे. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. मला त्याची कीव आली नाही. मला फक्त आनंद होत होता, पोटातून.

"पुंजाजी," तो म्हणाला.

"आयकू नाई आलं," धम्मदीपा म्हणाली.

"पुंजाजी. गानं पुंजाजीचं हाय."

ढोलकी थांबली.

पुढच्या आठवड्यात, मी कापलेल्या कडव्याची बातमी दिल्यावर, तीन ठिकाणी नवी परीक्षणं आली. मार्चमधल्या त्याच समीक्षकाने लिहिलं, "शेवट कवीला सुचला होता, गायकाला तो नको होता." धम्मदीपाने ते वहीत चिकटवलं नाही. चौकट करून मशीनच्या वर लावलं.

त्यानंतर मुंबईहून कुरिअर आलं. आत पुंजाजीची वही. हरवलेली, म्हणे. धम्मदीपाने ते गाणं काढलं. शेवटच्या कडव्याचं पान मुळापासून फाडलेलं होतं. ती बराच वेळ त्या फाटलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली, आणि मला पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. ते तिने लगेच पुसलं.

माझ्याकडून कोरा कागद घेतला. बापाचं कडवं, बापाच्या नावासकट, एकटाकी लिहून काढलं. मग वही मशीनच्या सुईखाली धरली आणि ते पान काळ्या दोऱ्याने तिच्यात शिवून टाकलं. दोनदा टीप मारली.

"झेरॉक्स मारा," ती म्हणाली. "जेवढ्या पेपरांत लिहून आलं, तेवढ्या सगळ्याइले पाठवा."

"आणि त्याला?"

तिने दोरा दाताने तोडला.

"त्याले पयली. आन् सांगजा, आता हे पान फाडून दाखव."