एकही वाक्य नसलेली भाषा

यंदा आमचं भात पिकून शेतात उभं होतं आणि कापायला कुणी हात लावत नव्हतं, कारण मी आणि माझा लेक बोलत नव्हतो. बायको श्रावणात गेली. तेरावं झाल्यावर लेकाने तिची खाट पडवीतून उचलून माळ्यावर टाकली. मला विचारलं नाही. मी तोंड मिटलं, मग त्यानेही मिटलं.

नात किन्हवलीहून एसटीने शहापूरला जाते, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. एका संध्याकाळी ती पडवीत कागदावर बाण काढत बसली होती.

"काय चाललंय गो?"

"आजोबा, ही भाषा हाय. माणसांची नाय, नुसत्या नियमांची. हे पायजे तर आधी ते पायजे. असल्या नियमांतून एक तरी पुरं वाक्य निघतं का, तेवढं सांगायचंय."

"मग काढून बघ की."

"काढत बसले तर जन्म जाईल. आणि नाय निघालं तरी कसं कळणार, की पुढं निघेल का कधीच नाय?"

मग तिने रीत दाखवली. जे शब्द कुणावाचून अडत नाहीत, त्यांच्यावर आधी खूण करायची. मग ज्याला लागणारं सगळं खुणेचं झालंय, त्याच्यावर. नवी खूण पडायची थांबली की बघायचं, वाक्यापर्यंत खूण पोचली का. नाही पोचली तर भाषा रिकामी. तिच्या कागदावर दोन शब्द एकमेकांवर अडून बसले होते. याला आधी तो हवा, त्याला आधी हा. वाक्य कोरंच राहिलं.

"हे तर आपलंच घर," मी म्हटलं. "तुझा बाप बोलला तर मी बोलणार, मी बोललो तर तो."

ती हसली. "मंग आजी असताना कसं चालायचं?"

आजी माहेरची धसईची. तिला बोलायला आधी कुणी बोलावं लागत नसे. रात्री भांडून पाठ फिरवणारी बाई सकाळी चुलीपुढून विचारायची, "अवो, चहात गूळ टाकू का साखर?" मी घुम्यासारखा बसलो की दोन्ही टाकायची. "आता बोंबलाल तरी!" बोंबलायचोच मी. घर सुरू व्हायचं. आणि मी जन्मभर तिला तोंडाळ म्हणत आलो.

आता कुणीतरी अट न घालता बोलायला हवं होतं.

लेक कामावरून आला, मोरीवर पाय धुवायला वाकला. मला नरम बोलता येत नाही. ओरडूनच विचारलं, "भात कधी कापायचं रे?"

तो तसाच वाकून राहिला. तांब्यातलं पाणी सगळं सांडलं.

"गेल्या आठवड्यातच कापायला पायजे होतं," तो म्हणाला. "दाणा गळायला लागलाय. तुमी बोलाल म्हणून थांबलेलो."

"गाढवा," मी म्हटलं, "सकाळी लवकर ऊठ."