अर्बाबांचा शुक्रवार

ओमानातल्या इब्रा गावच्या अर्बाबांना, म्हणजे बागेच्या मालकांना, मराठी येत होतं, पण आठ वर्षांच्या पोराला लागतं तेवढंच. वय ऐंशीच्या पुढे, दाढी पांढरीशुभ्र, सणाच्या दिवशी कमरेला चांदीचा खंजीर. आणि तोंडात दोनच प्रकारची मराठी वाक्यं. एक, मोठ्यांनी मुलांवर सोडलेले हुकूम. दोन, मुलांनी मोठ्यांना दिलेल्या सबबी. तिसरा प्रकार नव्हता.

गाला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपने मला त्यांच्या खजुराच्या बागेतला पंप दुरुस्त करायला पाठवलं होतं. माबेल्यातल्या माझ्या खोलीवरून दोन तास गाडी हाकत गेलो, सलाम केला, हात पुढे केला. अर्बाबांनी हाताकडे पाहिलं आणि गरजले, "हातपाय धुऊन ये!" ओमानात, वर्कशॉपचं ओळखपत्र गळ्यात घालून, मी मुकाट नळाकडे गेलो. काहवा आणि खजूर आले तेव्हा, "पानात टाकायचं नाही!" पंप सुरू झाला, पाणी धो धो सुटलं, मी कौतुकाच्या आशेने उभा राहिलो. "मार वाचला तुझा," अर्बाब म्हणाले. शाबासकीचा शब्द त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. निघताना मला, पन्नाशीच्या माणसाला, बजावलं, "दिवे लागायच्या आत घरी ये."

हे प्रकरण काय आहे ते त्यांनी मला हळूहळू हिंदीत सांगितलं. इंग्रजांच्या अमदानीत, लढाईच्या दिवसांत, त्यांचे वडील गलबतातून कोकणात खजूर नेत. एका वर्षी गलबत अडकलं, पावसाळा लागला, वडिलांना मुंबईला काम निघालं. त्यांनी सोबत आणलेल्या पोराला, म्हणजे या अर्बाबांना, रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात, आपल्या मराठी व्यापाऱ्याच्या घरी ठेवलं. त्या घरात आधीच सहा मुलं होती. सातव्याला कुणी पाहुणा मानलं नाही. पहाटे शेण उचल, विहिरीवरून पाणी आण, वासराला बांध, भाताची राखण कर. तीन महिने पोरगा हुकूम ऐकत राहिला आणि सबबी शिकत राहिला.

त्या श्रावणात प्रांतसाहेब गावात येणार अशी हूल उठली. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायचं काम मुलांकडे आलं. हुकूम होता, "जे हलत नाही त्याला लाव." छोट्या अरबाने तो शब्दशः पाळला आणि झोपलेल्या म्हशीलाही लावला. साहेब खरंच आला, म्हशीपाशी थांबला आणि ही कुठली जात म्हणून विचारू लागला. पाटलाने घाबरून सांगितलं, "सरकारी."

ती सवय गेली नव्हती. इब्र्याच्या बागेत माडासारखे उंच खजूर गुडघ्यापर्यंत पांढरे, दगड पांढरे, बंद पडलेला ट्रॅक्टर पांढरा. माझी हत्यारांची पेटी तासभर एका जागी राहिली, तिच्यावरही चुन्याचा हात फिरला.

पण अर्बाबांच्या जिवाला एक घोर होता. घरातल्या कामांना वार ठरलेले होते. कंदिलाची काच राखेने पुसायचं काम शुक्रवारी त्यांच्याकडे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ पडला, गलबतं सुटायची वेळ झाली, आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, वडील येऊन त्यांना घेऊन गेले. काच तशीच राहिली.

"त्या संध्याकाळी कंदील कोणी पुसला?" अर्बाब मला हिंदीत विचारत. मला काय ठाऊक! "वर गेल्यावर अल्ला विचारेल. मी काय सांगू?"

"अर्बाब, अल्लाला याहून मोठी कामं असतील."

ते पहिल्यांदाच चिडले. "आज माझा वार नाही, असं त्याला सांगता येणार नाही. वार माझाच होता."

तर गेल्या वर्षी सुट्टीवर गेलो तेव्हा मी त्या गावात पोचलो. खजूरवाल्यांचं घर कुठलं, असं विचारल्यावर एका पोराने सिमेंटच्या नव्या घराकडे बोट केलं. दारात त्या व्यापाऱ्याची धाकटी मुलगी, आता पंच्याऐंशीची, सगळ्या गावाची इंदूआत्या, भांडण असल्यासारखी वाल सोलत बसली होती. मी अरब मुलाचं नाव काढलं मात्र.

"तो? त्याच्या वाटची काच मी पुसली! सात वर्षांची मी. हातातून सुटली, फुटली, मार मला बसला. लढाईत दुसरी काच मिळते होय? दसऱ्यापर्यंत अंधारात जेवलो. आहे कुठे तो मेला?"

मी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. इब्र्यात अर्बाब पडद्यावर आले, इंदूआत्याला पाहून उभे राहिले आणि हात मागे बांधून म्हणाले, "मी नाही केलं."

"तेच तर सांगत्येय! नाही केलंस!"

निकाल लागला. शिक्षा अशी, की काच पुसून दाखवायची. अर्बाबांचा मुलगा सालिम, पाच पोरांचा बाप, इब्र्याच्या सूकमधून, तिथल्या बाजारातून, जुना कंदील घेऊन आला. पुढच्या शुक्रवारी अर्बाबांनी नमाजानंतर काच राखेने पुसली आणि मोबाईलसमोर धरली. इंदूआत्याने चष्मा लावला. "खाली काजळी आहे. परत पूस."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा काजळी. त्याच्याही पुढच्या. वर्षभर हे चाललं. मधूनमधून वाल, गुडघे, सुना असे विषय निघत. अर्बाबांना त्यातलं अवाक्षर कळत नसे, ते प्रत्येक वाक्याला "हो, आत्ता करतो" म्हणत. आणि शेवटी, "खलास?" त्यांनी आशेने विचारावं, "कसलं खलास! काजळी आहे," तिने म्हणावं.

या रमजानच्या आधी अर्बाब गेले. मी सालिमला भेटायला इब्र्याला गेलो. तो म्हणाला, "एक गोष्ट तुझ्या आत्याला सांगू नकोस. काच चकचकीत असायची. दर गुरुवारी संध्याकाळी बाबा स्वतः ती खालून काळी करायचे आणि शुक्रवारी तेवढं सोडून पुसायचे."

मी अर्थातच सांगितलं. इंदूआत्या फोनवरही वाल सोलत होती. शेंगा कटकट मोडत होत्या.

"मला काय शिकवतोस? कंदिलाची काजळी कशी असते ते कळतं मला," ती म्हणाली. "ती मेणबत्तीची होती."