माझं पॅकेज वापरणारा दुसरा माणूस

मित्रांनो, आज दुपारी नागपुरातल्या हुडकेश्वरच्या खोलीत मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवायचं एक भलंमोठं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते लिनक्सवर बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. एका कमांडमध्ये बसावं म्हणून नोकरी सांभाळून वर्षभर मी त्याचं पॅकेज, म्हणजे थेट बसवता येईल असा तयार संच, बनवत होतो. त्याचे तुकडे शेकडो, आणि प्रत्येकाचं लायसन्स तपासायचं. गेल्या महिन्यात लिनक्सवाल्यांनी ते एकदाचं मंजूर केलं.

पॅकेज किती कॉम्प्युटरवर आहे, ते इंटरनेटवरच्या एका पानावर दिसतं. महिनाभर तिथे एकच होता. तो माझा. आज दोन दिसले!

लगेच गावी, मौद्याला, आईला फोन लावला. "आई, माझं काम दुसऱ्या कोणीतरी घेतलं!"

"कोन गा?"

"माहीत नाही." तोवर ती शेजारच्या काकूंना ओरडून सांगतही होती.

तेवढ्यात माझी नजर कपाटावरच्या जुन्या लॅपटॉपवर गेली. मागच्या आठवड्यात चाचणी घ्यायला मीच त्यावर पॅकेज टाकलं होतं.

आईने विचारलं, "लागला का पत्ता त्याचा?"

"हो. नागपूरचाच आहे."

"मंग त्याले जेवाले बोलाव न घरी. तू एकटाच जेवून राहिला तिथं."

"बोलावतो," म्हणालो.

आता रात्री ती फोन करेल आणि त्यानं किती पोळ्या खाल्ल्या ते विचारेल. काय सांगू?