ड्रेसरचाचा आणि छोटी दांडी

"आधी तोंड, मग बूड," असं म्हणून ड्रेसरचाचा दोन्ही गुडघ्यांवर थापा मारायचे, लुंगी वर खोचायचे, आणि एवढा समारंभ झाल्यावर माझ्या पिकअपखाली शिरायचे. बाहेर दिसायचे नुसते पाय. आत काय चाललंय ते त्या पायांवरून कळायचं. काम जमत असलं की अंगठे हलायचे, अडलं की पाय ताठ व्हायचे.

तोंड म्हणजे ऑईल भरायचं बूच आणि बूड म्हणजे सोडून द्यायचं. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो, तुम्ही पाहिला असेल. त्यालाच डिफरन्शियल म्हणतात. त्याच्या पोटात दातेरी चाकं ऑईलमध्ये बुडून फिरत असतात. भरायचं बूच बाजूला, सोडायचं तळाशी. घाईचा माणूस आधी तळाचं उघडतो, सगळं ऑईल घमेल्यात पाडतो, आणि मग वरचं बूच गंजून चिकटलेलं निघतं. झालं, बसा आता बोंबलत. चाचा विचारायचे, जनावराला जुलाब द्यायच्या आधी त्याचं तोंड उघडतं का ते बघावं का न्हाई?

कारण चाचा मेकॅनिक नव्हतेच. जन्मभर ते गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, डॉक्टर सुई टोचताना म्हशीची शिंगं धरून तिच्याशी गोड बोलायचं, ही त्यांची नोकरी. नाव काय ते गल्लीत कुणी विचारलंच नाही. लहानथोर सगळे ड्रेसरचाचाच म्हणायचे.

चाचा आता नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी डोळ्याला पदर लावायला नको. देगलूरला लेकीकडं गेले आणि तिथंच एका दुपारी झोपेत गेले. चांगलं मरण आलं. मला मात्र त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता, असं न सांगता कुणी जातं का म्हणून.

तर ओळख कशी झाली ते ऐका. माझी अहमदपुरात रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, झेंडू, सगळी रोपं ट्रेमध्ये वाढवते आणि शेतावर पोच करते. आमची काळी माती कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. पावसात पाय घातला तर ती पाय परत देते, चप्पल ठेवून घेते. म्हणून सरकारी लिलावातली एक जुनी पिकअप घेतली, चारही चाकांनी ओढणारी. चालवणार मीच. आमचे हे स्कूटरवर मागं बसले तरी डोळे मिटून घेतात.

गाडी दारात लावली त्याच दिवशी एक म्हातारा आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर तळहात ठेवला आणि मला विचारलं, "हिचं उजवं शिंग कुठं गेलं?" उजवा आरसा खरंच नव्हता. मी म्हणलं, तुम्ही कोण? तर म्हणाले, मी हिच्यातला ड्रेसर. गाडी त्यांच्याच दवाखान्याची होती. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं ते तिच्या मागच्या हौद्यात औषधाची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवसापासून चाचा आमच्याकडं आले ते येतच राहिले. मी चहाला विचारलं तर आधी गाडीची चौकशी करायचे.

आता ती छोटी दांडी. या गाडीत गिअरच्या दांडीशेजारी एक बुटकी दांडी आहे. ती ओढली की मधला डबा, म्हणजे ट्रान्सफर केस, पुढच्या चाकांनाही ताकद देतो आणि गाडी चिखलातून वर येते. पण त्याआधी कुणालातरी खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची चकती हातानं फिरवावी लागते. नाहीतर दांडी ओढून काही उपयोग नाही. इतकी वर्षं गाडी कुठंही रुतली की चिखलात उतरायचे ते चाचा, आणि गादीवर बसून दांडी ओढायचा तो ड्रायव्हर. चाचांनी एकदा धीर करून विचारलं होतं म्हणे. ड्रायव्हर हसला आणि म्हणाला, तू चाकं बघ, दांडी माझी.

"एक डाव मला वढायची हाय, बेटा," चाचा मला म्हणाले. जिलबी खायची इच्छा सांगावी तसं, अगदी साधं.

मी किल्ली पुढं केली. म्हणलं, आत्ता ओढा, त्यात काय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना उपाशीपोटी ढेकर द्यायला सांगितलं. कोरड्या रस्त्यावर ओढली तर गिअर ताणतात, आणि वर गाडीला काही कळतही नाही, असं त्यांचं म्हणणं. ओढायची तर रुतल्यावरच ओढायची. आणि रस्त्यावर गाडी चालवायची म्हणलं तर लायसन नाही, म्हणून शेतातच.

एवढंच असतं तर घाई नव्हती. पण चाचांचे गुडघे गेले होते आणि लेकीनं ठरवून टाकलं होतं की पाऊसपाणी संपलं की अब्बांना देगलूरला न्यायचं. म्हणजे हातात एकच पावसाळा. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. भाजीवाला मला विचारायचा, रुतली का न्हाई अजून? गाडी रुतावी म्हणून वाट बघणारी मालकीण जगात मी एकटीच असेन.

चाचांनी मात्र अट घातली. तिन्ही ठिकाणचं ऑईल बदलल्याशिवाय दांडीला हात लावणार नाही. मागचा गोळा, पुढचा गोळा, मधला डबा. गॅरेजवाला म्हणाला, मागचं बदला फक्त, पुढची चाकं कोण ओढतंय. चाचांना ते इतकं लागलं की त्यांनी त्या गॅरेजसमोरून जायचंच सोडून दिलं.

मग एका रविवारी आमच्या दारात तो सोहळा झाला. आधी मला गाडी शिरूर अनंतपाळच्या रस्त्यानं पळवून आणायला लावली. थंड ऑईल काकवीसारखं घट्ट असतं, गरम झालं की सुटतं. परत येऊन बघते तर गल्लीतल्या बाया डबे, किटल्या घेऊन हजर. जुनं ऑईल दाराच्या बिजागऱ्यांना, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात ना, त्याच्यासाठी. मागचा गोळा सुटला तसा असा वास सुटला की सगळ्यांचे पदर नाकाला गेले, पण डबा एकीनंही खाली ठेवला नाही.

बुचाला आत लोहचुंबक असतं. झिजलेलं लोखंड त्याला येऊन चिकटतं. चाचांनी ते राखाडी मेण बोटांत चोळलं, उन्हात धरलं, पुन्हा चोळलं. "सुरमा हाय," म्हणाले. बारीक असलं म्हणजे नुसती झीज. कणी लागली असती तर आत दात मोडला असता. बायांनीही बोटं लावून बघितली आणि सगळ्यांनी मान डोलावली, जणू रोज हेच बघतात.

पुढच्या गोळ्यातून निघालं ते दुधाच्या चहासारखं. चाचांनी दोन थेंब तळहातावर घेतले. कास सुजून दगडी झालेल्या म्हशीचं दूध ते असंच बघायचे. "पाणी गेलंय," इतकंच बोलले. कधीतरी तापलेली गाडी ओढ्यात उभी राहिली असेल आणि गार होताना गोळ्यानं पाणी ओढून घेतलं असेल. गोळ्याला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते, ती तुटलेली होती. चाचांनी घरून सलाईनची नळी आणली आणि तिथं बसवून टाकली. मी कपाळावर हात मारला. पण आजपर्यंत ती नळी निघालेली नाही, हेही सांगते.

आता मधला डबा. त्याचं तोंड काही उघडेना. चाचांचे पाय ताठ. पान्यावर जोर, पुन्हा जोर. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल, मी म्हणलं, राहू द्या तोंड, खालचं सोडा, पुढचं पुढं बघू. चाचा सरपटत बाहेर आले, अंग झटकलं आणि मला म्हणाले, "आन मंग?" त्या दोन शब्दांवर मी आत जाऊन चहा टाकला. चाचांनी बुचावर डिझेल सोडलं आणि हातोडीच्या दांड्यानं हळूहळू थोपटत बसले. थोपटता थोपटता त्या डब्याशी बोलत होते, चल गं माय, एवढं कर, असं काहीतरी. दुपार कलली आणि एकदम खट्ट असा आवाज आला. बाहेर दोन्ही अंगठे नाचायला लागले. बायांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या हातातली कपबशी पडली, आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना.

नवं ऑईल भरलं ते म्हशीला औषध पाजायच्या भल्यामोठ्या पिचकारीनं. तोंडातून सांडायला लागलं की पोट भरलं, बूच लावा. चाचा म्हणाले, म्हशीचंही तसंच असतं, फक्त ती वर लाथ मारते.

आणि मग पाऊस असा लागला की विचारू नका. उघडीप पडली त्या सकाळी मला शिरूर अनंतपाळकडं मिरचीची रोपं पोचवायची होती. शेतकरी लावणीच्या बाया घेऊन वाट बघत होता, आणि ट्रेमधली मुळं आता गोल फिरायला लागली होती. आणखी थांबले असते तर रोपं गेलीच असती. चाचा काठी घेऊन आधीच शेजारच्या सीटवर बसलेले.

डांबरी सुटली, शेताकडं जाणारी चिखलाची पांदी आली, आणि शेतकऱ्याचं पत्र्याचं शेड दिसायला लागलं तशी गाडी बसली. अशी बसली की चाक फिरतंय आणि चिखल माझ्याच काचेवर. शेतकरी लांबून ओरडून विचारत होता, ट्रॅक्टर आणू का. मी नको नको म्हणून हात केला.

चाचांनी काय केलं असेल? दार उघडलं आणि काठी टेकून खाली उतरायला लागले. चाकं बघायला. इतक्या वर्षांची सवय. एक पाय खाली गेलासुद्धा. मी त्यांचा दंड धरला.

"चाचा, तुम्ही इकडं सरका," मी म्हणलं. "चाकं मी बघते."

मी थांबले नाही, उडी मारली. गुडघ्यापर्यंत आत गेले. साडीचा पार राडा झाला. एका चाकाची चकती फिरवली, ती लगेच फिरली. दुसरी फिरेना. दोन्ही हातांनी धरली, दात खाल्ले, तेव्हा कुठं सरकली. वर बघितलं तर चाचा स्टिअरिंगमागं बसलेले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावून घेतलं होतं.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. क्लच लवकर सोडला. मी तोंड उघडणार होते, पण जीभ चावून बाजूला सरकले. चाचांनी पुन्हा सुरू केली. डोळे मिटले. छोटी दांडी मागं ओढली. खालून मधल्या डब्याचा जड, भरलेला आवाज आला, आणि पुढची चाकं, देवाशपथ सांगते, पुढची चाकं पंजे रोवल्यासारखी माती धरायला लागली. गाडी हलली, वर आली, निघाली.

निघाली ती थांबेचना. मी ओरडतेय, बास चाचा, बास. मला वर घ्यायलाही थांबले नाहीत. खिडकीतून एक हात बाहेर, गाडी डुलतेय, मागचे ट्रे उड्या मारताहेत, शेतकरी धोतर धरून बाजूला पळतोय. मी चिखलातून मागं धावतेय आणि हसून हसून माझ्या पोटात दुखतंय. एक ट्रे पडला, मी तो उचलला आणि तसाच छातीशी धरून धावले. शेडपाशी जाऊन गाडी एक आचका देऊन उभी राहिली.

मी पोचले तेव्हा लावणीच्या बाया रोपं उतरवून घेत होत्या. शेतकऱ्यानं चहा आणला आणि म्हणाला, बाबा, खाली उतरा, सावलीला बसा. चाचा उतरेनात. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच. मला वाटलं गुडघे धरले, म्हणून आधार द्यायला गेले.

"गुडघे न्हाई, बेटा," ते हळूच म्हणाले. "गावागावात डायवरचा चहा खिडकीत यायचा. आमी खाली हुबं राहून प्यायचो."

मी शेतकऱ्याच्या हातातून कपबशी घेतली. चिखलाचे हात पदराला पुसले, गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि चहा वर दिला. चाचांनी कोपर खिडकीवर टेकवलं, बशीत ओतला, फुंकर घातली आणि सावकाश प्यायले. माझा कप घेऊन मी खाली उभीच होते.