दहा शून्यं

"ही शून्यं कुणी घातली?"

"मीच. दुसरं कोण घालणार?"

"अगं मावशी, हे लोक परत तपासायला आलेच नाहीत ना?"

"नाही आले. म्हणूनच शून्य. चौकट काय रिकामी ठेवायची?"

भाची इस्पितळातल्या नर्सना संख्याशास्त्र शिकवते. नर्सची ड्युटी संपवून मावशी तिच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसते, सुजलेले पाय चपलांतून मोकळे करून. एकतीस वर्षं तिने शिकाऊ पोरींकडून एकच गोष्ट घोटून घेतली आहे: तक्त्यातली चौकट रिकामी दिसली, तर गाठ माझ्याशी.

"शून्य म्हणजे जखम शून्य दिवसांत भरली. कॉम्प्युटरला तुझी शिस्त कुठे कळते?"

"भरलीच असेल. दुखत असतं तर धावत आले असते."

"नाहीतर दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. आपल्याला माहीत नाही. आणि माहीत नाही, याला आकडा नसतो."

"मला शिकवू नकोस."

"त्याचाच पगार घेते मी."

मावशी हसली नाही. रोज पट्टी सोडून माणसाला रोज रडवायचं, हे तिला कधीच पटलं नव्हतं. तिने चाळीस पेशंटना दर तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला बोलावलं, मधले दिवस घरी सोडलं. जुन्या पद्धतीने जखम भरायला सरासरी बारा दिवस, तिच्या पद्धतीने नऊ. आज चार वाजता मोठ्या डॉक्टरांसमोर हा नऊ ठेवायचा होता. त्यांना पटलं, तर निवृत्तीआधी सगळ्या वॉर्डांत तिची पद्धत सुरू झाली असती.

"सरक," ती म्हणाली आणि स्वतःच एकेक शून्य पुसायला बसली. "हा लोहाराचा अंगठा. ही बडबडी शिक्षिका, पोटरी भाजलेली. हा... याचं तोंडही आठवत नाही बघ."

दहावं पुसलं. उरलेल्या तिसांची सरासरी बारा.

भाचीचा आवाज उतरला. "बाराला बारा. म्हणजे तुझी पद्धत जुन्याइतकीच चांगली, एवढं तर म्हणता येईल."

"दहा जणांचं माहीत नाही म्हणालीस ना? मग तेही कसं म्हणायचं?"

भाचीने घड्याळाकडे पाहिलं. चारला पाच कमी होते.

"मावशी, मग डॉक्टरांना काय सांगशील?"

"तीस जणांना बारा दिवस लागले. दहा जणांचं माहीत नाही." मावशीने पाय चपलांत कोंबले, कागद उचलले आणि भिंतीचा आधार घेत बाहेर पडली.